झीज आणि डागडुजी: म्हातारपणावरच्या नव्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानावर मराठीत लिहिते, त्यामुळे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'वय थांबवणारी गोळी सापडली' असलं काही येऊन पडलं की आधी मला विचारणा होते. 'हे खरं आहे का गं?' मामा, आतेबहिणी, सोसायटीतले काका, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवली आहेत. मी डॉक्टर नाही. गोळी किती घ्यायची, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

वय होतं म्हणजे शरीर झिजतं, एवढंच ना?

एवढंच असतं तर कोडं केव्हाच सुटलं असतं. कोल्हापुरी चप्पल चालून चालून पातळ होते, पण अनवाणी चालणाऱ्याची टाच जाड होत जाते. वापरलं की निर्जीव वस्तू कमी होते. सजीव वस्तू मात्र जिथे वापर जास्त तिथे भर घालते. मोडलेलं हाड सांधतं, आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं येतं. झीज काय, विसाव्या वर्षीही चालूच असते. तेव्हा डागडुजी तिच्या पुढे असते, पुढे ती मागे पडायला लागते. कोकणातलं कौलारू घर पावसानं पडत नाही, दरवर्षीची शाकारणी थांबली की पडतं. तसंच हे.

ही डागडुजी पेशींच्या पातळीवर कुठे अडते, याचा पहिला ठोस धागा १९६१ साली हाती लागला. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की काचेच्या बशीत वाढवलेल्या माणसाच्या साध्या पेशी ४० ते ६० वेळा विभागतात आणि थांबतात. त्याआधी पाठ्यपुस्तकांत उलटं होतं: नीट जपल्या तर पेशी अमर असतात म्हणे. हेफ्लिक २०२४ मध्ये गेले, ९६ वर्षांचे होऊन.

त्यानंतर धागे इतके वाढले की २०१३ मध्ये स्पेनचे कार्लोस लोपेझ-ओतीन आणि सहकाऱ्यांनी त्यांची यादीच केली. तेव्हा वार्धक्याच्या नऊ खुणा होत्या, २०२३ च्या सुधारित यादीत बारा झाल्या. डीएनएची मोडतोड, बिघडलेली प्रथिनं साठणं, पेशीतली वीजघरं मंदावणं, कायमची बारीक सूज वगैरे. माझं मत विचाराल तर यादी लांबत जाते, तेव्हा मूळ कारण अजून सापडलेलं नसतं.

टेलोमेअर लांब केले की आयुष्य वाढतं म्हणे?

गुणसूत्रांच्या टोकाला असणारी ही टोपणं. बुटाच्या लेसच्या टोकाला प्लास्टिकची नळी असते, तशी. दर विभाजनाला ती थोडी तोकडी होतात. हेफ्लिकच्या पेशी का थांबल्या, त्याचं एक उत्तर इथे मिळालं. या कामासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं.

पण प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमेअर माणसापेक्षा लांब असतात आणि तो जगतो दोन-तीन वर्षं. शिवाय टेलोमेअर पुन्हा वाढवणारं विकर बहुतेक कर्करोगांच्या पेशी स्वतःच चालू करून घेतात, कारण त्यांनाही थांबायचं नसतं. तेव्हा रक्त देऊन टेलोमेअरची लांबी मोजून घेण्यावर पैसे घालवण्याआधी दोनदा विचार करा.

'माणूस ४४ व्या आणि ६० व्या वर्षी एकदम म्हातारा होतो' ही बातमी खरी का?

अभ्यास खरा आहे, मथळा सुजलेला आहे. स्टॅनफर्डच्या गटानं २०२४ मध्ये तो प्रसिद्ध केला. रक्तातले हजारो रेणू आणि अंगावरचे सूक्ष्मजीव पुन्हापुन्हा मोजले, तेव्हा बदल एकसारखे न दिसता चव्वेचाळिशी आणि साठीच्या आसपास गोळा झालेले दिसले. लोक होते १०८, वय २५ ते ७५, सगळे कॅलिफोर्नियातले. एवढ्याशा गटावरून मुंबईच्या लोकलनं रोज ये-जा करणाऱ्या माणसाबद्दल काय सांगणार? शिवाय चव्वेचाळिशीतले काही बदल दारू, कॉफी आणि स्निग्ध पदार्थ पचवण्याशी निगडित होते. तिथे वय किती आणि राहणी किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

रॅपामायसिन म्हणजे काय? सगळीकडे तेच नाव ऐकू येतं.

याची गोष्ट मला फार आवडते, म्हणून सविस्तर सांगते.

१९६४ साली कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली. दगडी पुतळ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे बेट तिथले लोक रापा नुई म्हणून ओळखतात. मोहिमेनं मातीचे नमुने आणले आणि ते माँट्रियालमधल्या आयर्स्ट या औषध कंपनीकडे आले. तिथे सुरेंद्रनाथ सेहगल काम करत होते. जन्म फाळणीपूर्व पंजाबातला, शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात आणि पुढे इंग्लंडमध्ये. १९७२ च्या सुमारास त्यांच्या गटानं त्या मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशी मारणारा पदार्थ वेगळा केला आणि बेटाच्या नावावरून त्याला रॅपामायसिन म्हटलं. बुरशीचं औषध म्हणून ते चाललं नाही, कारण ते रोगप्रतिकारशक्तीही दाबत होतं.

ऐंशीच्या दशकात कंपनीनं माँट्रियालची प्रयोगशाळा बंद केली. जिवाणूंचे नमुने टाकून द्यायचे होते. सेहगलांनी थोडे घरी आणले आणि फ्रीझरमध्ये, आइसक्रीमच्या शेजारी, 'खाऊ नका' अशी चिठ्ठी लावून ठेवले. पुढे कुटुंब न्यू जर्सीला गेलं, तेव्हा सामानाबरोबर तेही गेले. काही वर्षांनी नव्या वरिष्ठांना पटवून त्यांनी काम पुन्हा सुरू केलं आणि १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचं औषध म्हणून अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

म्हातारपणाशी संबंध जोडला गेला २००९ मध्ये. अमेरिकेत तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत एकाच पद्धतीनं उंदरांवर औषधं तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. त्यात रॅपामायसिन सुरू करायला उशीर झाला, कारण ते अन्नात टिकत नव्हतं. त्याच्यावर वेष्टण चढवेपर्यंत उंदीर ६०० दिवसांचे झाले होते, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीचे. तरीही माद्यांचं आयुष्य सुमारे १४ टक्के आणि नरांचं ९ टक्के वाढलं. उतारवयात सुरू करूनही परिणाम दिसतो, हे त्या उशिरामुळेच कळलं.

ते करतं काय? पेशीत एक यंत्रणा असते, खायला भरपूर आहे की नाही याचा अंदाज घेणारी. भरपूर असेल तर ती 'वाढा' सांगते. रॅपामायसिन तिला दाबतं. मग पेशीला वाटतं दुष्काळ आहे, आणि ती वाढ थांबवून घरातलीच भंगार प्रथिनं मोडून वापरायला लागते. दिवाळीच्या आधी माळा साफ होतो, तसं काहीसं.

मग घ्यावं का?

नाही. तोंडात फोड येणं, जखम उशिरा भरणं, संसर्ग, कोलेस्टेरॉल आणि साखर वाढणं, हे सगळं होऊ शकतं. निरोगी माणसाचं आयुष्य त्यानं वाढतं, असं दाखवणारी एकही चाचणी आजवर झालेली नाही.

आमच्याकडे बाबा शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतात. त्यानं वयही थांबतं असं वाचलं.

बाबांनी ती शुगरसाठी घेत राहावी. ते काम ती चोख करते, १९५७ पासून करते आहे, आणि स्वस्त आहे.

वयाबद्दलचा उत्साह २०१४ च्या एका ब्रिटिश अभ्यासामुळे वाढला. मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही, मधुमेह नसलेल्यांपेक्षाही किंचित जास्त जगताना दिसले. आजारी माणूस धडधाकट माणसापेक्षा जास्त जगतो म्हटल्यावर सगळ्यांचे कान टवकारले. पण २०२२ मध्ये डेन्मार्कच्या नोंदींवरून तेच तपासलं, तेव्हा तसं काही आढळलं नाही. वर सांगितलेल्या उंदरांच्या कार्यक्रमातही नुसत्या मेटफॉर्मिननं आयुष्य लक्षणीय वाढलं नव्हतं. २०२४ मध्ये चीनमध्ये नर माकडांना ४० महिने ती देऊन मेंदूचं वय मागे पडल्याचं दिसलं, ही दुसरी बाजू.

खरा निकाल द्यायचा तर ६५ ते ७९ वयाच्या सुमारे ३,००० लोकांवर चाचणी हवी. न्यूयॉर्कचे डॉ. नीर बार्झिलाय तिचा आराखडा घेऊन वर्षानुवर्षं पैसा शोधत आहेत. पेटंट संपलेल्या स्वस्त गोळीवर कुठली कंपनी पैसे लावणार?

आणि मधुमेह नसताना घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते. ६५ च्या पुढच्या निरोगी लोकांना १४ आठवडे वजनाचे व्यायाम दिले, अर्ध्यांना सोबत मेटफॉर्मिन दिलं. गोळी घेणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले.

टॉरिनच्या कॅप्सूल सुरू केल्यात. बंद करू का?

जून २०२३ मध्ये विजय यादव यांच्या गटानं 'सायन्स' या नियतकालिकात मोठा अभ्यास छापला. कामात दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशक्ती विज्ञान संस्थेचाही वाटा होता. टॉरिन हे शरीरातच असणारं एक अमिनो आम्ल. वयाबरोबर ते रक्तात घटतं, आणि मध्यमवयीन उंदरांना ते दिलं तर आयुष्य १० ते १२ टक्के वाढतं, असं त्यात होतं. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर हेच नाव असतं, त्यामुळे बातमीला पाय फुटले.

बरोबर दोन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, त्याच नियतकालिकात अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा अभ्यास आला. त्यांनी तीच माणसं वय वाढताना पुन्हापुन्हा तपासली. टॉरिन घटत नव्हतं, बऱ्याच जणांत उलट वाढत होतं. पहिल्या गटानं लबाडी केली, असा याचा अर्थ नाही. वेगवेगळ्या वयाची वेगवेगळी माणसं एकाच दिवशी तपासणं निराळं, आणि एकाच माणसाच्या मागे वीस वर्षं जाणं निराळं. उंदरांचं आयुष्य वाढलं, तो भाग दुसऱ्या अभ्यासानं खोडलेला नाही. मात्र 'तुमच्यात कमी पडलंय म्हणून भरून काढा' ही विक्रीची ओळ उरत नाही. मी असते तर ते पैसे भाजीवर घातले असते.

'झोंबी पेशी' हा काय प्रकार?

विभागणं थांबवलेल्या, पण मरायलाही तयार नसलेल्या पेशी. गप्प बसल्या असत्या तर चाललं असतं, पण त्या सूज वाढवणारे रेणू सोडत राहतात आणि शेजाऱ्यांनाही बिघडवतात. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये २०११ आणि २०१६ मध्ये उंदरांतून अशा पेशी काढून टाकल्या, तेव्हा उंदीर जास्त काळ धड राहिले.

माणसांत मात्र अजून गाडी स्टेशनातच आहे. रक्ताच्या कर्करोगाचं एक औषध आणि कांद्यातही असणारं क्वेर्सेटिन यांची जोडी छोट्या चाचण्यांत वापरली जाते. गुडघ्याच्या संधिवातासाठी सुईनं द्यायचं असं एक औषध २०२० मध्ये चाचणीत नापास झालं. आणखी एक पेच आहे: जखम भरताना शरीर याच पेशींची थोडा वेळ मदत घेतं. सरसकट साफ करून चालणार नाही.

(आणि नाही, कच्चा कांदा जास्त खाऊन हे होत नाही. विचारणारे तीन जण होते.)

उंदरांत झालं म्हणजे आज ना उद्या माणसांत होणारच ना?

२०२४ चं उदाहरण घ्या. लंडन आणि सिंगापूरच्या संशोधकांनी सूज वाढवणारं इंटरल्यूकिन-११ हे प्रथिन अँटिबॉडीनं अडवलं. ७५ आठवड्यांच्या, म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या उंदरांत हे सुरू केलं आणि आयुष्य नरांत २२ तर माद्यांत २५ टक्क्यांनी वाढलं. आकडे डोळे दिपवणारे आहेत.

पण प्रयोगशाळेतला उंदीर कसा जगतो ते पाहा. स्वच्छ पिंजरा, ठरावीक तापमान, समोर सतत खाणं, चालणं नाही, साथीचा रोग नाही. आणि मरतो बहुतेकदा कर्करोगानं. म्हणून कर्करोग लांबवणारं काहीही उंदरात 'आयुष्य वाढवणारं' दिसू शकतं. आपण मरतो हृदयविकारानं, पक्षाघातानं, न्यूमोनियानं, पडून खुबा मोडल्यानं. उंदीर खोटं बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्न वेगळा असतो.

अल्झायमरवर औषध आलं ना? आजीची आठवण परत येईल?

परत येणार नाही. हे स्पष्ट सांगावं लागतं, कारण बातम्यांत ते शेवटच्या परिच्छेदात असतं.

लेकानेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. दोन्ही मेंदूत साठलेलं अमायलॉइड हे प्रथिन खरवडून काढतात, आणि ते काम खरंच करतात. लेकानेमॅबच्या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातले १,७९५ रुग्ण होते. दीड वर्षात औषध घेणाऱ्यांची घसरण २७ टक्के कमी झाली. ऐकायला मोठं वाटतं. मोजपट्टी १८ गुणांची होती आणि दोन गटांतला फरक ०.४५ गुणांचा. घसरण दोन्हीकडे झालीच, एकीकडे जरा हळू. त्यासाठी दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून औषध, वारंवार एमआरआय, आणि काही जणांत मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव. पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी ही औषधं नाहीतच.

तरी मी हे काम कमी लेखत नाही. वीस-पंचवीस वर्षं सगळी औषधं आपटत होती, तिथे पहिल्यांदा काहीतरी हललं. पण देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं चालवलेल्या देशव्यापी पाहणीतल्या ज्येष्ठांची स्मृती तपासून जो अंदाज निघाला, तो साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना, स्मृतिभ्रंश असल्याचा आहे. दर पंधरवड्याच्या सलाइनचा हिशेब या आकड्याशेजारी ठेवून पाहा.

नागिणीची लस आणि स्मृतिभ्रंश यांचा काय संबंध?

अलीकडच्या काळातला मला सगळ्यात देखणा वाटलेला अभ्यास हा. इथे थोडं थांबते.

आपल्याकडे अंगावर पट्ट्यानं फोड उठले की 'नागीण झाली' म्हणतात, गेरू लावतात, आणि विळखा पूर्ण झाला तर माणूस जातो अशी धास्ती घेतात. विळखा सहसा पूर्ण होत नाही, कारण तो विषाणू एका बाजूच्या एका नसेच्या हद्दीत पसरतो. विषाणू कांजिण्यांचाच. लहानपणी कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि उतारवयात पहारा ढिला पडला की बाहेर येतो.

आता वेल्स. १ सप्टेंबर २०१३ ला तिथे नागिणीची लस द्यायला सुरुवात झाली. पुरवठा मर्यादित, म्हणून नियम केला: २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लस मिळणार, आधी जन्मलेल्यांना कधीच नाही. म्हणजे एक आठवडा आधी जन्मलेली बाई अपात्र, एक आठवडा नंतरची पात्र. दोघींचं खाणं, शिक्षण, गरिबी, हवा, सगळं सरासरीनं सारखं. नेहमी लस घेणारे लोक मुळात तब्येत जपणारे असतात आणि अभ्यास तिथेच फसतो. इथे सरकारी परिपत्रकानंच तो घोळ मिटवला. कुठल्याही शास्त्रज्ञाला मागून मिळाली नसती अशी सोय कारकुनी तारखेनं करून दिली.

स्टॅनफर्डच्या पास्कल गेल्डसेट्झर यांच्या गटानं सुमारे २ लाख ८० हजार ज्येष्ठांच्या नोंदी तपासून एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये निकाल छापला. सात वर्षांत लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं नवं निदान सुमारे एक पंचमांशानं कमी होतं. स्त्रियांत परिणाम जास्त. ऑस्ट्रेलियातही वयाची अशीच एक रेघ होती, तिथेही हाच कल दिसला.

का होत असावं, यावर दोन तर्क आहेत. विषाणू वारंवार डोकं वर काढून मेंदूला सूज आणत असेल, किंवा लस प्रतिकारशक्तीलाच सर्वसाधारण चालना देत असेल. एक ध्यानात ठेवा: वेल्समधली लस जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची जुनी लस होती. भारतात २०२३ पासून पन्नाशीपुढच्यांसाठी मिळते ती नवी लस वेगळ्या प्रकारची आहे. नागीण रोखायला ती जास्त चांगली, आणि नागिणीनंतर महिनोन्महिने राहणारी आग ज्यांनी पाहिली आहे त्यांना तेवढं कारणही पुरेल. ती महाग आहे, हेही खरं.

मोतीबिंदूचा आणि म्हातारपणाच्या संशोधनाचा काय संबंध? तो तर सगळ्यांनाच होतो.

सगळ्यांनाच होतो, हाच मुद्दा आहे. डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं जन्माआधी तयार होतात आणि पुन्हा कधीच बदलली जात नाहीत. भिंगाला रक्तपुरवठा नाही, मधल्या पेशींनी पारदर्शक राहण्यासाठी आपलं केंद्रकसुद्धा टाकून दिलेलं असतं. पहिल्या उत्तरात डागडुजी म्हणाले ना, ती जिथे जवळजवळ शून्य आहे अशी ही जागा. म्हणून इथे चपलेचा नियम लागू होतो.

याचाच उपयोग करून डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ग्रीनलंड शार्कचं वय काढलं. भिंगाच्या गाभ्यातला कार्बन तपासला. पाच मीटरच्या मादीचं वय निघालं ३९२ वर्षं, १२० वर्षं इकडे-तिकडे. म्हणजे कमीत कमी धरलं तरी २७२.

माणसासाठी उपाय सापडला लढाऊ विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पर्स्पेक्स प्लास्टिकचे तुकडे घुसत. लंडनचे डॉ. हॅरल्ड रिडली यांना दिसलं की डोळा ते तुकडे मुकाट सहन करतो, भडकत नाही. २९ नोव्हेंबर १९४९ ला सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं झोडपलं. 'सर' ही पदवी मिळायला २००० साल उजाडलं. भारतात हे भिंग गरिबाच्या आवाक्यात आलं ते १९९२ मध्ये मदुराईत अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबनं ते बनवायला घेतल्यावर.

माझ्या आईची पट्टी काढली त्या दिवशी तिनं आधी खिडकीबाहेर पाहिलं नाही. ओट्यापाशी गेली, स्टीलच्या डब्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "एवढी तेलकट घाण? मला कुणी सांगितलं का नाही?" मग कपाट उघडून एक साडी बाहेर काढली. दोन वर्षं ती तिला राखाडी समजत होती. ती जांभळी होती.

सिएटलमध्ये ६५ च्या पुढच्या ३,००० हून अधिक मोतीबिंदूवाल्यांचा मागोवा घेतला, त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के कमी दिसला. इथे वेल्ससारखी तारखेची रेघ नाही, त्यामुळे कारण तेच असं छातीठोक म्हणता येत नाही. पण काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, जिथे नजर परत येत नाही, तसा फरक दिसला नाही. मेंदूला पाहायला काहीतरी मिळालं पाहिजे, असं यावरून वाटतं खरं. त्यामुळे 'पिकू दे अजून' म्हणत बसू नका.

कृत्रिम गुडघा किती वर्षं टिकतो?

निरनिराळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून २०१९ मध्ये काढलेला अंदाज: पूर्ण बदललेल्या शंभरातले ८२ गुडघे २५ वर्षं टिकतात.

सांध्याचा कच्चा दुवा धातू नसून मधलं प्लास्टिक असतं. खुब्याच्या शस्त्रक्रियेचे जनक जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉन वापरलं, तव्याला लावतात ते. काही वर्षांत ते घासून भुकटी झालं आणि भुकटीमुळे आजूबाजूचं ऊतक सडलं. खात्री करायला त्यांनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत घालून घेतलं, आणि मांडी सुजली. १९६२ पासून पॉलिएथिलिन आलं. तेही झिजतंच. शरीराच्या सफाई पेशी ते कण गिळतात, पचवू शकत नाहीत, चिडतात, आणि त्या चिडण्यात शेजारचं हाड खाल्लं जातं. जिवंत भागाची डागडुजी निर्जीव भागाच्या झिजेपायी बिघडते, ते असं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गानं रेणूंची एकमेकांशी जाळी विणलेलं प्लास्टिक आलं आणि झीज पुष्कळ कमी झाली. काही प्रकारांत ते ऑक्सिडेशननं ठिसूळ होऊ नये म्हणून चक्क ई जीवनसत्त्व मिसळतात.

किमतीचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं कमाल दर बांधले. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याचा दर तेव्हा कर सोडून ५४,७२० रुपये ठरला. बिलात इम्प्लांटची ओळ वेगळी मागा. मांडी घालता येईल का, हे शस्त्रक्रियेआधी विचारा, नंतर नाही.

दाताचा स्क्रू हाडात घट्ट कसा बसतो? डिंक असतो का?

डिंक नाही. स्वीडनचे पर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या हाडात टायटेनियमची नळी घालून रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर महागडी नळी काढायला गेले तर निघेना. हाड तिला भिडून वाढलं होतं. १९६५ मध्ये पहिल्या माणसाला असे दात बसवले.

स्वतःची भेग स्वतः भरणारं काँक्रीट आहे म्हणे. इमारतीही म्हाताऱ्या होणार नाहीत का?

होतील, पण सावकाश. २०२३ मध्ये एमआयटीच्या अदमिर मासिच यांच्या गटानं इटलीतल्या प्रिव्हर्नम गावच्या प्राचीन तटबंदीचा तुकडा तपासला. रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसतात, ते आजवर गवंड्याचा आळस समजले जात. गटाचं म्हणणं असं की रोमन लोक कळीचा चुना गरमच मिसळत, आणि ते खडे म्हणजे साठवलेली दुरुस्ती होती. भेग पडली की पाणी शिरतं, चुना विरघळतो, पुन्हा घट्ट होतो, भेग बुजते. त्यांनी तसा ठोकळा करून फोडला आणि त्यातून पाणी सोडलं. दोन आठवड्यांत पाणी वाहायचं थांबलं. कळीचा चुना नसलेल्या ठोकळ्यातून ते वाहतच राहिलं.

आपल्याकडच्या किल्ल्यांवर चुना मळायच्या घाण्याची गोल दगडी चाकोरी पाहिली असेल. रोमन मिश्रणात ज्वालामुखीची राख होती, आपली कृती निराळी. पण पावसाळी भेग चुना आपोआप भरतो, हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होतं.

माणूस जास्तीत जास्त किती जगू शकतो?

कागदोपत्री सिद्ध झालेलं: फ्रान्सच्या झान काल्माँ, १२२ वर्षं १६४ दिवस, मृत्यू १९९७. त्यानंतर कुणीही तिथवर पोचलेलं नाही.

गोळ्या राहू द्या. आपण कितपत म्हातारे झालो, हे घरी कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या हाताची पकड मोजून २०१५ मध्ये निष्कर्ष आला: पकड ५ किलोनं कमी, तर मृत्यूचा धोका १६ टक्के जास्त. वरच्या रक्तदाबापेक्षा पकडीनं जास्त नेमकं सांगितलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला तुम्ही कुणाला हाक मारता, याला अर्थ आहे.

दुसरी चाचणी ब्राझीलची. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. दहा गुण. हात, गुडघा टेकला की प्रत्येकी एक गुण वजा, तोल गेला की अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांत तीनपेक्षा जास्त गुण न मिळवणाऱ्यांचा मृत्युदर, आठ किंवा जास्त गुण असणाऱ्यांच्या पाच पटींहून जास्त निघाला. पंगतीला मांडी घालून बसणाऱ्यांना सराव असतो, तेव्हा त्यांचा तक्ता आपल्याला जसाच्या तसा लावू नका. गुडघा दुखत असेल तर करूच नका. पण पाटावरून उठताना आधी भिंत शोधायला लागलात, ते वर्ष लक्षात ठेवा.

ऐंशी-नव्वदीत व्यायाम करून काही होतं का? आता काय उपयोग?

१९९० मध्ये बोस्टनमधल्या वृद्धाश्रमातल्या दहा जणांवर प्रयोग झाला. सरासरी वय ९०, सगळे अशक्त. आठ आठवडे, देखरेखीखाली, पायांनी वजन उचलायचं, आणि वजन हळूहळू वाढवत न्यायचं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. मग व्यायाम थांबवला. चार आठवड्यांत ताकद जवळजवळ एक तृतीयांश उतरली होती.